नव्या लिफ्टखालचं घर

आमचा स्कीचा डोंगर या डिसेंबरात पुन्हा उघडणार, हे मला जपानात, तोयोसुच्या ऑफिसात एका लांबलेल्या मीटिंगमध्ये कळलं. नवऱ्याने मेसेजमध्ये नुसता फोटो पाठवला होता. हिरव्या उतारावर पांढराशुभ्र नवा खांब, शेजारी क्रेन. मी चेहऱ्यावर काही न दाखवता वही उलटी केली आणि मागच्या पानावर यादी सुरू केली. कोणती कुटुंबं येतील, कोणाच्या मुलांचे पाय वाढले असतील, बूट कुठल्या मापाचे लागतील, कांदा-लसूण कोणाला चालत नाही. मीटिंग संपेपर्यंत पान भरलं होतं.

हा डोंगर तसा लहान. शिंकानसेन या वेगवान रेल्वेने जायचं, मग बस, आणि बस जिथे वळून परत फिरते ते गाव. गावाच्या डोक्यावरच उतार सुरू होतो. आम्ही पुण्याची माणसं. बर्फाशी आमची ओळख रसवंतीतल्या लादीपुरती. तिशी उलटल्यावर आम्ही दोघं या उतारावर आधी पडायला शिकलो आणि नंतर उभं राहायला. मुलगी मात्र चालावं तशी स्की करायची. आम्ही आडवे झालो की जपानीत "ठीक आहात ना?" असं विचारून पुढे निघून जायची. आता ती कॉलेजसाठी दूर आहे. दर जानेवारीत कावासाकीची आणि तोयोसुची मराठी कुटुंबं तिथे न्यायचं काम माझ्याकडे आपोआप आलं, कारण याद्या करायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

उतरायचो नेहमी एकाच घरी. उताराच्या पायथ्याशी, झाडांना लागून असलेलं, जुनं लाकडी, खोल्या भाड्याने देणारं घर. अशा घराच्या मालकिणीला इथे ओकामी-सान म्हणतात, म्हणून आम्हीही तिला तेच म्हणायचो. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, घाईघाईने चालणारी बाई. पहिल्या वर्षी आम्ही मासे खात नाही म्हटल्यावर तिने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही श्वास घेत नाही असं सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने माशाऐवजी समुद्री शेवाळाचं सार करून ठेवलं होतं. तेव्हापासून आम्ही दुसरीकडे गेलो नाही.

मग माणसांना तारेवरच्या खुर्च्यांतून वर नेणाऱ्या जुन्या लिफ्टच्या तपासणीत दोष निघाले, चालवणाऱ्यांकडे दुरुस्तीची ताकद नव्हती आणि डोंगर बंद झाला. दोन हिवाळे तसाच राहिला. त्या काळात ओकामी-सानचा नवराही गेला. मधल्या वर्षी आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा उतारावर कमरेएवढं गवत होतं आणि जुन्या लिफ्टच्या खुर्च्या तारेवर जिथल्या तिथे थांबलेल्या होत्या. वारा आला की सगळ्या एकदम थोड्या हलायच्या. नवरा म्हणाला, "चल, खाली जाऊ." वर जायला आम्ही अजून सुरुवातही केली नव्हती.

नव्या कंपनीने डोंगर घेतला, जुने खांब कापून काढले आणि चार माणसं एकत्र बसतील अशी, वाऱ्याला झाकण असलेली, वेगवान लिफ्ट बांधायला घेतली. फोटो आला त्याच आठवड्यात मी ओकामी-सानला फोन केला.

"पहिल्या शनिवार-रविवारी तुमच्या सगळ्या खोल्या आम्हाला," मी सांगितलं.

ती हसली. मग तिने त्याच हसऱ्या आवाजात सांगितलं, की तिचा एकुलता मुलगा, जो नागोयात मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, तिला घर बंद करून आपल्याकडे ये म्हणतोय. डोंगर उघडणार कळल्यावर त्याने एक हिवाळा दिलाय. घर चाललं तर राहा. पण एकटीला झेपत नाही असं एकदा जरी दिसलं, तर नागोया.

"नागोयात त्यांच्याकडे अकराव्या मजल्यावरून काय दिसतं माहीत आहे?" ती म्हणाली. "दुसरा अकरावा मजला."

त्या दिवसानंतर माझी यादी सहलीची राहिली नाही. एका बाईने आपल्या घरात राहायचं की नाही, हे त्या हिवाळ्यावर ठरणार होतं, आणि हिवाळ्याची पहिली पानं मी भरत होते.

सप्टेंबरच्या मधल्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही तिला मदत करायला गेलो. गाद्या उन्हात घालायच्या, बूट काढून पुसायचे, बुरशी धरलेले टाकायचे. या वेळी सासरेही बरोबर होते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यानंतर सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे जपानला आले होते, व्हिसाचे तीन महिने पुरे करायला. बँकेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. जपानी एक अक्षर येत नाही. पण पहिल्या दुपारी मी स्वयंपाकघरात डोकावले तर ते आणि ओकामी-सान समोरासमोर बसून शेंगा सोलत होते, ते मराठीत बोलत होते, ती जपानीत, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी नवमी होती. पितृपक्षातली अविधवा नवमी, म्हणजे नवरा असताना गेलेल्या बाईची. सासऱ्यांनी हे महिनाभर आधी कॅलेंडरवर पाहून ठेवलं होतं, मीही माझ्या यादीत धरलं होतं. पुण्याहून आणलेलं तूप, उडदाची डाळ, वेलदोडे सगळं मी बांधून आणलं होतं. ओकामी-सानच्या स्वयंपाकघरात मी भात, वरण, भोपळ्याची भाजी, वडे आणि तांदळाची खीर केली. केळीचं पान कुठून मिळणार? सासऱ्यांनी हाताने मोठ्या पानाचा आकार करून दाखवला. ओकामी-सानने मागच्या झाडाचं, हातभर लांब, जाड पान आणून दिलं. त्यावर तिच्याकडे मिसो, आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, भाजतात. तिला वाटलं, आजोबांना पानावर जेवायचंय.

सासऱ्यांनी पान वाढलं, खिरीची वाटी स्टीलची होती ती तशीच पानावर ठेवली, आणि घराच्या मागच्या दगडी बांधावर नेऊन मांडलं. समोर गवत, गवताच्या वर नव्या लिफ्टची तार. तारेवर कावळे बसलेले. जपानचे कावळे मोठे, कोंबडीएवढे. पानाकडे बघत होते, पण एकही खाली उतरेना.

"काव काव," नवऱ्याने केलं.

"तुझ्या मराठीत त्यांना कळत नसेल," मी म्हटलं.

सासरे हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "तिचं काहीतरी राहिलंय."

"बाबा, आईचं काय राहणार? सगळं तर तुम्ही तिच्याच मनासारखं करायचात."

"म्हणून तर विचारतोय." मग ते कावळ्यांकडे बघून म्हणाले, "बरं. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतो. झालं?"

कावळा उतरला नाही.

"साखर सोडतो."

"हे खोटं आहे, ते आईला कळतं," नवरा म्हणाला, आणि तेव्हा मात्र सासऱ्यांच्या तोंडावर हसू आलं.

तेवढ्यात वर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. कंपनीचे लोक लिफ्टची चाचणी घेत होते. खुर्च्यांवर माणसांच्या जागी पाण्याने भरलेल्या पिवळ्या पिशव्या बांधल्या होत्या. एकामागून एक त्या आमच्या डोक्यावरून, घराच्या छपराच्या अगदी जवळून, आवाज न करता वर जात होत्या. कावळे उडाले. सासरे बराच वेळ त्या पिशव्या बघत राहिले. "एवढं वजन नेऊन दाखवायचं, मग माणसं बसवायची," ते म्हणाले. "हिशोब बरोबर आहे." आम्ही आत जाऊन जेवलो.

दुपारी उशिरा सासरे बांधाकडे गेले आणि जवळजवळ पळत आत आले. पान नव्हतं. शितही नव्हतं. "घेतलं," ते म्हणाले. "अख्खं घेतलं!" आणि ओट्याला टेकून रडायला लागले. ओकामी-सानने काही न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवला.

मी बांधापाशी गेले, वाटी आणायला. वाटी बांधावर नव्हती. गवतात एक वाट पडली होती, रुंद, दोन्ही बाजूंना गवत आडवं झालेलं. त्या वाटेवर थोड्याच अंतरावर ते पान मिळालं, चावलेलं. त्याच्यापुढे वाटी. तिला कडेला खोल पोचा आला होता आणि पोच्याच्या मध्ये भोक होतं. बांधाच्या दगडावर ओल्या मातीचा एक पंजा होता. माझ्या दोन्ही हातांचे तळवे त्यात मावले असते.

पाच वाजता गावातल्या खांबांवरच्या भोंग्यावर रोजची सुरावट वाजली आणि तिच्यामागून बाईच्या आवाजात सूचना आली. यंदा रानात ओकच्या झाडांची फळं कमी आहेत. अस्वलं खाली उतरत आहेत. खाण्याच्या वस्तू, कचरा, फळं घराबाहेर ठेवू नयेत. अस्वल किंवा त्याच्या खुणा दिसल्यास गावच्या कचेरीला लगेच कळवावं. ही सूचना आदल्या संध्याकाळीही झाली असणार. मी तेव्हा बुटांची मापं लिहीत होते.

मी वाटी पिशवीत घातली, नवऱ्याला बाजूला घेऊन दाखवली. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली. मग पहिलं वाक्य बोलला ते असं: "बाबांना नको सांगू."

"त्यांना नाही. पण तिला आत्ता सांगायचं."

ओकामी-सान भांडी पुसत होती. मी वाटी ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने पक्ष्याला जेवण ठेवतात, सासऱ्यांनी ते ठेवलं, आणि पक्ष्याऐवजी दुसरं कोणी आलं. मी वाकून माफी मागितली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने वाटीच्या भोकात करंगळी घालून बघितली.

"आम्हीही झाडावर शेवटची दोन-चार पर्सिमन ठेवायचो, पाखरांना," ती म्हणाली. "सगळी फळं उतरवायची नसतात, असं माझी सासू म्हणायची. आता अस्वलं येतात म्हणून कचेरीची माणसं येऊन सगळं झाड झोडपून जातात."

"कचेरीला फोन मी करू की तुम्ही?"

तिने फडकं नीट घडी करून ठेवलं. "तुम्ही कोणाला कळवलं, तर कचेरी माझ्या मुलाला फोन करेल. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घराचं तसंच करतात. मग तो शनिवारी गाडी घेऊन दारात." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "ते अस्वल थंडी पडली की वर जाईल. दर वर्षी जातं. लिफ्ट सुरू होईपर्यंत फक्त."

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, तिचं घर आणि येणारी मुलं, आणि दोन्ही एका ओळीत बसत नव्हत्या. मी तिच्याकडून काही गोष्टी कबूल करून घेतल्या: कचरा आत, अंधार पडायच्या आधी दारं बंद, अस्वलाला चाहूल लागावी म्हणून बाहेर जाताना घंटा, मागे दिवसभर रेडिओ. पुन्हा एकदा जरी खूण दिसली तर त्याच दिवशी कचेरीला फोन. तिने प्रत्येकाला मान हलवली. मी तेवढ्यावर गप्प बसले.

ऑक्टोबरभर आम्ही कावासाकीत, आमच्या घरी होतो. रोज टीव्हीवर अस्वल. शाळेच्या अंगणात, सुपरमार्केटात, म्हातारीच्या स्वयंपाकघरात. सासरे भाषा न कळताही ते बघत बसायचे. "इथली अस्वलं फार शहाणी झालीत," ते म्हणायचे, "दार सरकवून आत जातात." दुसरीकडे डोंगराच्या नव्या बातम्या यायच्या. झाकणाच्या खुर्च्या, गरम बैठक, उद्घाटनाच्या आधी पुजारी बोलावून सुरक्षेची प्रार्थना. आमच्या गटातल्या एका बाईने विचारलं, लहान मुलांना घरामागे बर्फात खेळायला जागा आहे ना? मी "आहे" असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी खोडून टाकलं. "बघून सांगते," असं कळवलं.

ओकामी-सान फोनवर नेहमीसारखी बोलायची. रेडिओ लावलाय का विचारलं, तर फोन मागच्या दाराकडे धरायची. बेसबॉलची मॅच ऐकू यायची. एकदा मॅचमागे काहीतरी धाडकन वाजलं. "वारा," ती म्हणाली. कावासाकीत त्या दिवशी पान हलत नव्हतं. तिथलं मला काय माहीत.

नोव्हेंबरात सासऱ्यांचं परतीचं तिकीट होतं. त्याच्या आधी आम्ही पुन्हा गेलो, शेवटची तयारी करायला. गावात शिरतानाच दिसलं की सगळी पर्सिमनची झाडं ओरबाडलेली होती, एकही फळ नाही. ओकामी-सान दारात उभी होती, पूर्वीपेक्षा बारीक. घराच्या मागे तिची लोणच्याची खोली होती, लाकडी, वेगळी. तिचं दार नव्हतं. त्या जागी फळ्या ठोकल्या होत्या, आडव्यातिडव्या, एकट्या माणसाने ठोकाव्यात तशा. आत मिसोचं पिंप असायचं. आता तिथे ओला डाग होता. खुंटीवर रेडिओ बोलत होता.

"वाऱ्याने दार गेलं," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत सासरे फळ्यांपाशी गेले. चौकटीच्या लाकडावर चार खोल ओरखडे होते, त्यांच्या डोक्यापेक्षा वर. सासऱ्यांनी हात उंचावून पाहिला, पोचला नाही. मग मागे वळून त्यांनी बांधाकडे पाहिलं, जिथे त्यांनी पान ठेवलं होतं, आणि नंतर नवऱ्याकडे.

"कावळ्याला एवढी नखं नसतात," ते म्हणाले.

नवऱ्याने मान खाली घातली.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"त्याच दिवसापासून, बाबा," मी म्हटलं.

"मग मी आईच्या नावाने रडलो तेव्हा तुम्ही दोघं..." ते थांबले. रागावले नाहीत. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "ते जाऊ दे. ती असती तर तीच हसली असती, म्हणाली असती, माझं पान खायला अस्वल आलं, तुमच्या बँकेतलं कोण आलं? पण आता हे सांगा. तुमच्या त्या यादीत मुलं किती आहेत?"

"पुष्कळ."

"तिच्या नावाचं खाऊन ते इथे परत येतंय. उद्या एखाद्या पोराला काही झालं, तर मी पुण्यात बसून काय करू?" मग ते ओकामी-सानकडे वळले, आणि तिला कळणार नाही हे माहीत असूनही तिलाच मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही आत जा, थंडी आहे. तुम्ही एकट्या इथे झोपता, हे मला आधीच कळायला हवं होतं."

ती आत गेली नाही. मी तिला जपानीत सांगितलं, की आजोबा काय म्हणाले. आणि माझं पुढचं वाक्य मी येताना बसमध्ये दहा वेळा घोळवलं होतं, तरी ते जड गेलं.

"तुम्ही कळवलं नाहीत, तर मी कुटुंबांना इथे आणू शकत नाही. एकालाही नाही."

"आणि कळवलं, तर मी इथे नसेन," ती म्हणाली.

"हो."

रेडिओवर कोणीतरी खूप मोठ्याने हसलं. तिने हात वर करून तो बंद केला. मग आत जाऊन, मोजे ओढून नीट करून, फोनसमोर गुडघ्यांवर बसली आणि कचेरीचा नंबर लावला. तिचा आवाज एकदम वेगळा झाला, अतिशय सभ्य, अतिशय दूरचा. माझं घर अमुक ठिकाणी आहे. सप्टेंबरात पहिल्यांदा. हो, खाणं बाहेर होतं. ते मी ठेवलं होतं.

मी पुढे झाले. तिने तळवा उचलून मला थांबवलं आणि बोलत राहिली.

दुपारी कचेरीची गाडी आली, नारिंगी जाकिटातली माणसं आली, लोखंडी पिंजरा आला. तो त्यांनी बांधाजवळ ठेवला, आत मध आणि भाताचा कोंडा, दार वर उचललेलं. पिंजऱ्यात काही सापडेपर्यंत घरात कोणी राहू नये, पाहुणे तर मुळीच नाही, असं त्यांनी बजावलं. आमची कुटुंबं नव्या लिफ्टच्या तळाशी उभ्या राहिलेल्या हॉटेलात हलवायला मला तासभर लागला.

संध्याकाळी मुलगा नागोयाहून आला. चाळिशीचा, थकलेला, चांगला माणूस. त्याने आम्हा तिघांना वाकून नमस्कार केला. "आईची काळजी घेतल्याबद्दल आभारी आहे," तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जपानात असं कोणी करत नाही.

त्या रात्री आम्ही सगळे गावात दुसरीकडे झोपलो, आणि सकाळी निघायच्या आधी ओकामी-सानने परत येऊन घराचं पाणी उतरवलं. बर्फाच्या मुलखात घर हिवाळाभर रिकामं राहणार असेल तर तसं करतात, नाहीतर नळ गोठून फुटतात. मुख्य तोटी बंद, मग प्रत्येक नळ उघडा टाकायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं. मुलगा म्हणाला, "मी करतो." ती म्हणाली, "तुला कुठला नळ कुठे ते माहीत नाही." ती खोलीखोलीतून फिरत होती आणि आम्ही दारात उभे राहून ऐकत होतो. आवाज एकेक करून बंद झाले. गाडीत बसल्यावर तिने मला काच खाली करून सांगितलं, "पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये बसलात की मला फोन करा. कोणकोण आलंय ते ऐकायचंय."

सासरे पुण्याला गेले. पिंजऱ्यात काही सापडलं नाही. मी चार दिवसांआड कचेरीला फोन करून विचारत होते. मध खाल्ला गेला नव्हता. कदाचित वर गेलं असेल, असं तिथला माणूस म्हणाला. कदाचित.

उद्घाटनाच्या सकाळी रांग रस्त्यापर्यंत होती. पुजाऱ्याने पांढऱ्या कागदांची काठी खुर्च्यांवरून हलवली, टाळ्या झाल्या, आणि लिफ्ट निघाली. आमची सगळी कुटुंबं आली होती. मुलं ओरडत होती. खुर्चीने मला आणि नवऱ्याला मागून हलकेच उचललं, झाकण खाली आलं आणि जगाचा आवाज बंद झाला. इतकी गुळगुळीत लिफ्ट मी कधी पाहिली नव्हती. जुनीवर प्रत्येक खांबाला हाडं वाजायची.

मी कबूल केल्याप्रमाणे नागोयाला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"चालू झाली?"

"झाली. रांग रस्त्यापर्यंत आहे."

"रस्त्यापर्यंत," ती म्हणाली. "बघा. म्हटलं होतं ना. आता कुठे आहात?"

"तुमच्या छपराच्या जवळ."

"काय दिसतं? छपरावर किती चढलाय?"

मी झाकणाची वाफ पुसून खाली पाहिलं. रात्री ताजा बर्फ पडला होता. छप्पर जाड पांढरं, धुराड्यातून काही नाही, पडदे ओढलेले. बांधाजवळ पिंजऱ्याचं दार अजून तसंच वर. आणि झाडांकडून एक ठशांची ओळ येत होती, खोल, सावकाश. ती पिंजऱ्याला लांबून वळसा घालून गेली होती आणि घराच्या मागच्या जोत्यापाशी, जिथे घराखालच्या पोकळीत वारा जाण्यासाठी असलेल्या जाळीची फळी बाजूला पडली होती, तिथे संपत होती.

नवऱ्यानेही पाहिलं. त्याने माझा हात धरला.

"काय दिसतं?" तिने पुन्हा विचारलं.

"ठसे आहेत," मी म्हटलं. "घराच्या खाली गेलेत."

तिच्या मागे कुणाची तरी वॉशिंग मशीन चालू होती.

"जाणारेच आहेत? बाहेर येणारे नाहीत?"

"नाहीत. फक्त जाणारे."

"कोणत्या खोलीखाली?"

"मागच्या. तुम्ही झोपायचात तिथे."

खुर्ची छपराच्या पुढे निघून गेली. मी मान वळवून बघत राहिले. मागच्या खुर्चीतून आमच्या गटातली मुलं पाय हलवत येत होती. त्यांनी अजून खाली पाहिलं नव्हतं.

"ती खोली उबदार आहे," ओकामी-सान म्हणाली. "चुलीची भिंत तिकडून जाते." मग म्हणाली, "कचेरीला सांगाल ना? मग बंदूकवाले येतील."

"सांगावं लागेल."

"सांगा. पण आधी एकदा उतारावरून खाली येऊन घ्या. एवढी वाट बघितलीत. ते काय, एकदा झोपलं की मार्चपर्यंत हलत नाही."

वरचं ठाणं आलं. झाकण उघडलं, थंडी आत आली, पायाखाली बर्फ लागला. समोर अख्खा उतार, एकही रेघ न उमटलेला, आणि आमची माणसं एकेक करून त्याच्या कडेला येऊन उभी राहत होती. नवरा म्हणाला, "चल?"

मी कडेला झाले, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि आधी कचेरीला फोन केला.